खालची ओळ

शाळेत त्यांना सगळे चूकबाई म्हणत. मुलं पाठीमागे म्हणत, सहकारी तोंडावर म्हणत, आणि बाईंना त्याचं काडीचंही वाईट वाटत नसे. उलट नव्या वर्गावर पहिल्यांदा गेल्या की त्या स्वतःच सांगत, "माझं नाव तुमच्या कानावर आलंच असेल. ते का पडलं ते आता बघा." आणि पाठ फिरवून फळ्यावर लिहायला लागत.

बाई विज्ञान शिकवायच्या. तासाला फळ्यावर एक चूक करायची, मुद्दाम आणि अगदी बेमालूम, हा त्यांचा शिरस्ता. ती कुठे आहे ते मुलांनी शोधायचं. सापडली की ओरडायचं नाही, शेजाऱ्याला कोपर मारायचं नाही. मुकाट्याने उठायचं, फळ्यापाशी जायचं, डस्टरने तेवढाच शब्द पुसायचा आणि तिथे बरोबर तो लिहायचा. मग बाई म्हणायच्या, "वाचवलंस हं मला." बक्षीस म्हणाल तर एवढंच. पण एवढ्याशा वाक्यासाठी वर्ग जिवाचा कान करून बसायचा. इतिहासाच्या तासाला जी पोरं उघड्या डोळ्यांनी झोपा काढत तीच विज्ञानाच्या तासाला बाईंच्या खडूवर मांजरासारखी टपून असत.

या खेळाला एकच नियम होता आणि तो बाईंसाठी होता. चूक वर्गाबाहेर जाऊ द्यायची नाही. घंटा होवो, पुढच्या तासाचे सर दारात येऊन घसा खाकरोत, चूक पुसली गेल्याशिवाय कुणी हलायचं नाही. एकदा अख्खी मधली सुट्टी संपली तरी कुणाला सापडेना. डबे दप्तरात, पोटात कावळे, आणि बाई टेबलाला टेकून शांत उभ्या. शेवटी मागच्या बाकावरची एक उंच मुलगी उठली, तिने 'वनस्पती' शब्दाखालची एक ओळ पुसली आणि वर्गाने सुटकेचा असा नि:श्वास टाकला की हेडसर ऑफिसातून बाहेर आले. बाईही त्या दिवशी उपाशीच राहिल्या. चूक त्यांची, मग उपास एकट्या मुलांनी का काढायचा, असा त्यांचा हिशोब. ती उंच मुलगी तेव्हापासून बाईंची लाडकी झाली. वरवर त्या तसं दाखवत नसत, पण चूक जरा अवघड झाली की त्यांची नजर आपोआप मागच्या बाकाकडे जायची.

हे खूळ त्यांच्या डोक्यात कुठून आलं, तेही सांगायला हवं. नोकरीला लागल्या लागल्या एकदा घाईघाईत त्यांनी खरोखरच चुकीचं लिहिलं होतं. पाणी गोठलं की आकसतं, असं. वर्गात कुणी चकार शब्द काढला नाही. दुसऱ्या दिवशी वह्या तपासायला घेतल्या तर प्रत्येक वहीत तेच वाक्य, सुरेख अक्षरात, काहींनी तर खाली लाल रेघ मारलेली. आपण काहीही लिहू आणि ही लेकरं ते असंच सुंदर उतरवून घेतील, याची त्यांना भीती बसली. मुलांना तपासायची सवय लागावी म्हणून त्यांनी मग स्वतःच चुकायला सुरुवात केली.

इतकी वर्षं हे सगळं चार भिंतींच्या आत चाललं होतं. मग फोनवर तो गट आला.

गट म्हणजे शिक्षकांचा. सुरुवातीला ओळखीपाळखीतले दहावीस जण होते, बघता बघता हजारोंच्या घरात गेले. गावोगावचे, कधी तोंड न पाहिलेले. गटाच्या माथ्यावर लिहिलेलं असायचं, 'जे येतं ते द्या, जे हवं ते घ्या.' बाईंना ते वाक्य मनापासून पटलं. त्यांच्या शाळेत एक जुने सर होते, कपाटातले तक्ते कुलपात ठेवायचे आणि किल्ली जानव्यासारखी जपायचे. निवृत्त झाले तेव्हा कपाट उघडलं, तर सगळे तक्ते वाळवीने खाल्लेले. ज्ञान कुलपात ठेवलं की त्याचं काय होतं हे बाईंनी डोळ्यांनी पाहिलं होतं. म्हणून गटात त्यांनी कधी हात आखडता घेतला नाही. कुणी विचारावं, भिंग कसं शिकवू, मुलांना काही कळत नाही. बाई भाजी निवडता निवडता उत्तर लिहायच्या. पाठाची टाचणं, प्रयोगांचे कागद, आकृत्या, सगळं फोटो काढून टाकायच्या. कशावरही नाव घालायच्या नाहीत.

नवऱ्याचा यावर जुना वाद होता. ते विमा कंपनीत होते आणि सही नसलेला कागद त्यांच्या लेखी कागदच नव्हे. "तुझं दुकान चोवीस तास उघडं, आणि पाटी कुठेच नाही," ते म्हणायचे. "निदान कोपऱ्यात नाव तरी टाक." बाई म्हणायच्या, गुरुत्वाकर्षणावर माझं नाव कसलं टाकू? ते हसून पेपर वर करायचे.

एके दिवशी गटात बाईंच्या चुकीच्या खेळाची गोष्ट कुणीतरी सांगितली. झालं, गटाने त्यांना डोक्यावरच घेतलं. आम्हालाही द्या, चूक घातलेले पाठ द्या, अशी एकच झुंबड उडाली. बाईंनी आधी आढेवेढे घेतले. हा खेळ समोर उभं राहून खेळायचा असतो, कागदावर कसा देणार? पण कौतुक हे भारी चिवट असतं. शेकड्यांनी अंगठे, फुलं, जोडलेले हात. आयुष्यभर जिने दुसऱ्यांना 'वाचवलंस' म्हटलं आणि जिला स्वतःला कुणाकडून कौतुकाचा शब्द ऐकायला मिळाला नव्हता, ती विरघळली तर नवल ते काय. त्यांनी पाठ लिहायला सुरुवात केली. प्रत्येकात एक चूक, आणि पानाच्या अगदी तळाशी एक ओळ: 'या पाठात एक चूक मुद्दाम घातली आहे. ती पुसल्याशिवाय वर्ग सोडू नका.' ही ओळ टाकली की आपला नियम पाळला गेला, असं त्यांनी स्वतःला समजावलं. चूक वर्गाबाहेर गेली होती, पण बरोबर राखणदार देऊन.

या सगळ्यात बाईंना एक धाकटी बहीण मिळाली. नुसती फोनवरची. लांबच्या एका छोट्या शाळेत तात्पुरती नेमणूक मिळालेली मुलगी. शिकली होती भाषा, पण शाळेत विज्ञानाला माणूस नव्हतं म्हणून तिच्या गळ्यात विज्ञान मारलेलं. पहिल्याच दिवशी तिने बाईंना वेगळा निरोप पाठवला: 'ताई, मला यातलं ओ की ठो कळत नाही आणि उद्या तास आहे.' तिच्या खरेपणावरच बाई खूश झाल्या. मग रोजचंच झालं. धाकटी मधल्या सुट्टीत विचारायची, बाई संध्याकाळी उत्तर द्यायच्या. हळूहळू ती शिकत गेली. मुलांच्या गमती सांगायला लागली, आईच्या गुडघेदुखीचं सांगायला लागली, नेमणूक कायम होईल का या चिंतेने जीव टांगणीला लागलाय ते सांगायला लागली. बाई घरात तिचा उल्लेख 'आमची धाकटी' असा करत.

आणि गटात एक चौकटवाले सर होते. खरं तर सज्जन माणूस. त्यांना शिकवण्यापेक्षा सजवण्याची आवड जास्त. गटात येणारं जे जे चांगलं ते गोळा करायचं, नीट टाइप करायचं, भोवती वेलबुट्टीची चौकट काढायची आणि पुस्तिका करून सगळ्यांना वाटायची. पैसा एक घेत नसत. मुखपृष्ठावर लिहीत, 'तपासून, शुद्ध स्वरूपात'. कुणी तपासलं हे विचारायचं कुणाच्या डोक्यात आलं नाही. चौकटीच इतक्या देखण्या होत्या.

त्या पुस्तिकेत बाईंचा एक पाठ होता. सौम्य आम्ल कसं तयार करायचं. यातली खरी रीत अशी, की आधी भांड्यात पाणी घ्यायचं आणि त्यात तीव्र आम्ल थेंबाथेंबाने सोडायचं. उलटं केलं, आम्लात पाणी ओतलं, तर ते मिश्रण एका क्षणात उकळतं आणि तोंडावर उडतं. बाईंनी फळ्यावर हे नेहमी उलटंच लिहिलं होतं. वर्गात ती त्यांची हुकमी चूक. कुणी ना कुणी ताडकन उठायचंच, आणि मग ते कुणीही जन्मात विसरायचं नाही. प्रयोगशाळेत त्या मुलांना घेऊन जायच्या ते त्यानंतर. तोच पाठ त्यांनी जसाच्या तसा गटात टाकला होता. खाली ओळ होती.

एके दिवशी सकाळी गटात बातमी आली की कुठल्याशा शाळेत प्रयोग करताना एका शिक्षिकेच्या तोंडावर आम्ल उडालं. मुलं सुखरूप. बाईंनी वाचलं, हळहळल्या, आणि वर्गावर गेल्या. दुपारपर्यंत धाकटीचा निरोप आला नाही तेव्हा त्यांच्या मनात पाल चुकचुकली. संध्याकाळी त्यांनी कधी नव्हे तो फोनच लावला. तिच्या आईने उचलला.

पुढच्या रविवारी बाई बस बदलत बदलत तिथे पोचल्या. जिला रोज लिहीत होत्या तिला पहिल्यांदाच बघत होत्या. खोली लहान, पडदे ओढलेले. धाकटी पलंगावर उशीला टेकून बसली होती. अर्ध्या चेहऱ्यावर पट्टी. डावा डोळा गेला होता, उजवा वाचला होता आणि त्याच्यातून ती बाईंकडे बघून हसली. म्हणाली, तुम्ही फोटोत दिसता त्याच्यापेक्षा ठेंगण्या आहात.

मग धाकटीनेच सगळं सांगितलं, तक्रार न करता, जसं एरवी वर्गातलं सांगायची तसं. तिथल्या हेडसरांनी आदल्या दिवशी प्रयोग करायला सांगितलं. हिने पुस्तिका उघडली. पाठ बाईंचा आहे हे वाचताक्षणी ओळखलं, भाषाच बाईंची. त्यात लिहिलं होतं की प्रयोग करताना मुलांना कायम दोन हात लांब उभं करावं, म्हणून तिने मुलांना भिंतीपाशी उभं केलं. आणि पुढे लिहिलं होतं की आम्लात हळूहळू पाणी ओतावं. ते तिने ओतलं.

"तुला माहीत होतं गं, मी चूक घालते ते," बाई कशाबशा म्हणाल्या.

"माहीत होतं ना. म्हणून आधी खालीच बघितलं," धाकटी म्हणाली. "ताई, ओळ नव्हती. ओळ नाही म्हणजे चूक नाही, असं मी धरलं."

बाई तिचा हात हातात धरून बसून राहिल्या. ज्याला बरोबर काय ते ठाऊक आहे त्याला त्यांच्या कागदाची गरज नव्हती. ज्याला गरज होती त्याला चूक सापडणं शक्यच नव्हतं. वर्गात हे चालत होतं, कारण तिथे त्या स्वतः दार अडवून उभ्या असायच्या. इतकी साधी गोष्ट त्यांना हजारो माणसांच्या कौतुकात दिसली नव्हती, आणि आता दिसली तीही या मुलीच्या डोळ्याच्या मोलाने. त्यांना स्वतःची शिसारी आली.

निघताना धाकटीची आई दारापर्यंत आली. साधी बाई, आवाजात राग नव्हता. तिने विचारलं, "तुम्ही हे सगळं लोकांना फुकट देता ना?"

बाई हो म्हणाल्या.

"विकत असतं तर बरं झालं असतं. निदान जाब विचारायला कुणीतरी असतं."

परतीच्या बसमध्ये बाईंच्या कानात तेच वाक्य वाजत राहिलं. इतकी वर्षं नाव न टाकण्याला त्या मनाचा मोठेपणा समजत होत्या. त्याचा दुसरा अर्थ त्यांना धाकटीच्या आईने चपला घालता घालता सांगून टाकला होता.

घरी आल्याबरोबर त्यांनी चौकटवाल्या सरांना फोन केला. ओळ कुठे गेली, एवढंच विचारलं. सर गडबडले. आधी म्हणाले, पाठ त्यांच्याकडे दुसऱ्या गटातून तसाच आला होता. मग म्हणाले, बघावं लागेल. शेवटी, माणूस मुळात खोटा नसल्यामुळे, त्यांचा धीर सुटला. "बाई, ती ओळ खालच्या वेलबुट्टीला लागत होती हो. पान बरं दिसेना. मला वाटलं सूचनाच आहे, काढली तर काय बिघडतंय." त्यांच्या आवाजात रडू होतं. बाईंनी विचारलं, हे धाकटीवर बसलेल्या चौकशीत सांगाल का? मग सर म्हणाले की त्यांच्या निवृत्तीला थोडेच महिने राहिलेत, आणि पुस्तिकेवर तसंही कुणाचंच नाव नाही, तुमचंही नाही आणि माझंही नाही. तेव्हा आपण दोघांनीही मूग गिळून बसावं हे शहाणपणाचं.

नवऱ्याचंही तेच म्हणणं. ते वाईट नव्हते, बायकोचा चेहरा बघवत नव्हता म्हणून म्हणाले. "बरं झालं तू माझं ऐकलं नाहीस ते. नाव असतं तर आज तू असतीस कोठडीत." बाई ताटावरून उठल्या आणि पुढे कितीतरी दिवस त्यांच्याशी कामापुरतंच बोलल्या.

धाकटीवर चौकशी बसली होती. तिच्या शाळेने हात झटकले होते: प्रयोग करायला सांगितलं हे खरं, पण चुकीच्या पद्धतीने करायला कुणी सांगितलं होतं? निष्काळजीपणा सिद्ध झाला तर नेमणूक जाणार, आणि औषधपाण्याचा खर्चही मिळणार नव्हता. धाकटीने चौकशीत कागद कुणाचा ते सांगितलंच नाही. पुस्तिका गटातून आली, एवढंच म्हणाली. ताईंचं नाव तिने घेतलं नाही, हे बाईंना तिच्या आईकडून कळलं आणि मग त्यांना घरी बसवेना. त्यांनी रजा टाकली, आपला मूळ कागद पिशवीत घातला आणि चौकशी अधिकाऱ्यासमोर जाऊन बसल्या.

अधिकारी सभ्य होता. त्याने पाणी मागवलं, पंखा वाढवायला सांगितला. बाईंनी एका दमात सगळं सांगितलं. पाठ माझा आहे, चूक मी घातली आहे, त्या मुलीने मी लिहिलं तसंच केलं, तिचा दोष नाही. शिक्षा द्यायची तर मला द्या. हे सगळं त्या बसमध्ये मनात घोकून आल्या होत्या.

अधिकाऱ्याने कागद वरपासून खालपर्यंत वाचला आणि तळाशी बोट ठेवलं. "इथे तर तुम्ही स्वच्छ लिहिलंय की चूक आहे. मग तुमचा दोष कसा?"

"पण तिला मिळालं त्यात ही ओळ नव्हती."

"कुणी काढली?"

बाईंनी चौकटवाल्या सरांचं नाव सांगितलं. त्यांनाही विचारलं गेलं होतं म्हणे. त्यांनी लेखी दिलं होतं की आलं तसं पुढे पाठवलं. गटात जाऊन बघा, मूळ पाठ तिथे आहे, बाई म्हणाल्या. अधिकाऱ्याने तेही आधीच बघितलं होतं. अपघाताच्या दुसऱ्याच दिवशी गट चालवणाऱ्यांनी, उगाच कुणी अडचणीत यायला नको म्हणून, जुनं सगळं पुसून टाकलं होतं. इतक्या वर्षांत कुणी कुणाला काय दिलं त्याचा मागमूस उरला नव्हता. पुसलं होतं, पण पुसलेल्या जागी बरोबर ते मात्र कुणी लिहिलं नव्हतं.

अधिकारी बाईंना दारापर्यंत सोडायला आला. म्हणाला, तुमच्यासारखे शिक्षक हवेत. बाईंना तो शब्द गालावर चपराक बसल्यासारखा लागला.

निकाल लागला तो असा. अनधिकृत साहित्य खातरजमा न करता वापरल्याबद्दल संबंधित शिक्षिका जबाबदार. बाईंच्या कागदाचा उल्लेख होता, तो एवढ्यासाठी, की मूळ लेखिकेने योग्य ती सूचना दिली होती, सबब तिच्यावर ठपका नाही. गेल्या होत्या धाकटीला सोडवायला, आल्या स्वतः सुटून. आणि त्यांच्याच कागदाने धाकटीचा दोष आणखी पक्का झाला: पुस्तिका अनधिकृत म्हणून पुराव्यात धरलीच नाही; सूचना मूळ कागदावर होती म्हणे, हिनेच बघितली नाही. ती बिचारी आधी खालीच बघत होती, हे कुठल्याच अहवालात येण्याची सोय नव्हती.

धाकटीची नेमणूक गेली. ती नंतर एका दुकानात हिशेबाला बसू लागली. बाईंनी पैसे पाठवले, ते तिने परत केले, 'ताई, असं नका करू' एवढंच लिहून. पुढे तिचे निरोप विरळ होत गेले. ती रागावली असती तर बाईंना सोसलं असतं. तिने त्यांना माफ केलं होतं आणि त्यावर बाईंकडे काहीच उपाय नव्हता.

गट काही दिवस बंद होता. मग उघडला. पहिल्या दिवशी फुलांची चित्रं आणि शुभ सकाळ. बाईंनी लिहिलं, की माझ्या बाकीच्या पाठांतही चुका आहेत, त्या अमुक अमुक ठिकाणी आहेत, कृपा करून हे सगळीकडे पाठवा. काही अंगठे आले. मग गट चालवणाऱ्यांपैकी कुणीतरी नम्रपणे कळवलं, की तो विषय आता नको, सकारात्मक राहू या. बाईंचा निरोप जेमतेम चारदोन गटांत गेला असेल. पुस्तिका मात्र दुप्पट वेगाने फिरत होती, सुधारित आवृत्ती म्हणून. आम्लाचा पाठ तेवढा काढला होता. त्या पानावर चौकटवाल्या सरांनी नुसतीच वेलबुट्टी घातली होती. बाकीच्या चुका आत तशाच, जाड चौकटीत सुखाने नांदत होत्या. आज कुठल्या कुठल्या वर्गात त्या फळ्यावर उतरत असतील, आणि कुठल्या वहीत कुणाच्या सुंदर अक्षरात जाऊन बसत असतील, याचा विचार बाईंना धड जेवू देत नसे. देणं सोपं होतं. दिलेलं परत कसं घ्यायचं ते त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. त्या गटातून बाहेर पडल्या तेही कुणाच्या लक्षात आलं नाही.

शाळेत हेडसरांनी त्यांना बोलावून समजुतीने सांगितलं, की आता ते खेळ पुरे, पुस्तकात आहे तेवढंच आणि तसंच लिहा. सांगायची गरज नव्हती. बाईंनी कानाला खडा लावलाच होता. त्यांनी फळ्यावर चूक करणं बंद केलं. मुलं आधी गोंधळली. तास संपत आला की चुळबुळ करायची, फळा वरून खाली, खालून वर वाचायची. एकदोनदा कुणी उठून बरोबर असलेलंच पुसलं. आज चूक नाही, बाई म्हणायच्या. उद्या? उद्याही नाही. मग हळूहळू मुलांनी शोधणं सोडलं. माना खाली गेल्या, वह्या भरू लागल्या. वर्ग शांत असतो म्हणून हेडसरांनी बाईंचं कौतुकही केलं.

त्या दिवशी डोळ्याचा पाठ होता. तो टाळता आला असता तर बाईंनी टाळला असता, पण अभ्यासक्रमात होता. त्यांनी फळ्यावर डोळ्याची आकृती काढली, बुबुळ, भिंग, मागचं दृष्टिपटल. काढता काढता मन भलतीकडे गेलं, त्या पडदे ओढलेल्या खोलीत, आणि हात आपला लिहीत राहिला. भानावर येऊन दोन पावलं मागे सरल्या तेव्हा आकृतीखाली त्यांच्याच अक्षरात लिहिलेलं होतं: 'वस्तूची सुलट प्रतिमा दृष्टिपटलावर पडते.'

प्रतिमा उलटी पडते. हे त्यांना झोपेतही सांगता आलं असतं. चूक मुद्दाम नव्हती. नोकरीच्या सुरुवातीला केलेल्या त्या पहिल्या चुकीनंतरची ही पहिली खरी चूक होती.

बाईंनी डस्टरकडे हात नेला आणि थांबवला. एकदम त्यांना वाटलं, कुणीतरी उठेल. एकजण तरी. त्या टेबलाला टेकून उभ्या राहिल्या, पूर्वी राहायच्या तशा. चाळीस माना वर होत होत्या, फळा बघत होत्या, खाली जात होत्या. पेनांचा आवाज तेवढा येत होता. बाईंनी मागच्या बाकाकडे पाहिलं. तीच उंच मुलगी फळ्याकडे टक लावून बघत होती, कपाळाला आठी घालून. ऊठ, त्या मनात म्हणाल्या. ऊठ गं बाई, वाचव मला.

मुलीने हात वर केला.

"बाई, 'सुलट'खाली लाल रेघ मारायची का?"

बाईंनी डस्टर उचलला आणि फळ्याकडे वळल्या. पाठीमागे पानं उलटल्याचा आवाज आला. वर्गाचं लिहून झालं होतं.